उघड्या चिखलात तिवरं लावावीत का?

प्रश्न थोडक्यात असा. बोरिवलीतल्या एका कॉलेजच्या निसर्ग मंडळाला एका कंपनीकडून सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळतो आहे. गोराई खाडीच्या काठी ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा आहे, तिथे तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या खारफुटी झाडांची, पाच हजार रोपं लावायचा बेत आहे. जवळच्या कोळीवाड्यातल्या बायकांनी हरकत घेतली: "इथं झाडं आली की निवट्या जातील, शिवल्या जातील." (निवट्या म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, शिवल्या म्हणजे चिखलातले शिंपले.) मंडळ म्हणतं, कांदळवन वाढलं की मासळी वाढते असं सगळीकडे लिहिलेलं आहे. मग खरं कोणाचं? आणि हा किनारा नीट सांभाळायचा तर नेमकं काय करावं?

कोळणींचं खरं आहे. त्या पट्ट्यावर एकही रोप लावू नका. मंडळाने वाचलेलंही खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या जागेबद्दल आहे. कांदळवनामुळे मासळी वाढते ती वनाच्या पोटात शिरणाऱ्या ओहळांमुळे. भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबीची आणि बोयांची पिल्लं त्या ओहळांतून आत जातात, मुळांमध्ये लपतात, खातात आणि ओहोटीला बाहेर पडतात. उघडा चिखल हे वेगळं घर, आणि तिथले राहणारेही वेगळे. एकाला वसवण्यासाठी दुसऱ्याला उठवायचं, असा तुमचा बेत आहे. शिवाय बहुतेक वेळा ज्याला वसवायचं तोही तिथे टिकत नाही.

का टिकत नाही, हे उंचीच्या हिशेबाने कळतं. कांदळवनाची झाडं साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून वर, उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, मोठ्या भरतीच्या रेषेपर्यंत वाढतात. त्याखालचा चिखल दिवसातला इतका वेळ पाण्यात असतो की कोवळ्या रोपाच्या मुळांना हवाच मिळत नाही. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात ही सरासरी पातळी सुमारे अडीच मीटरवर येते. तेव्हा एक साधी गोष्ट करा. चढतं पाणी तक्त्यातल्या अडीच मीटरला कधी पोहोचतं ती वेळ काढा. ओहोटी आणि भरती यांच्या साधारण मधोमध ती पडते. त्या वेळी पाण्याच्या कडेला बांबू रोवा. असे पाच-सहा बांबू किनाऱ्यालगत रोवलेत की रेघ डोळ्यांना दिसेल. बहुतेक ठिकाणी ती रेघ तिवरांच्या शेवटच्या रांगेच्या आसपासच निघते, कारण झाडांनी हा हिशेब आपल्याआधी केलेला असतो. बांबूंच्या खाडीकडच्या बाजूला लागवडीचा विषय काढायचा नाही.

फिलिपिन्समध्ये याच मुद्द्यावर मोठा पैसा पाण्यात गेला. तिथे अनेक वर्षं सरकारी आणि परदेशी निधीतून कांदळाची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, रोपं खालच्या, उघड्या चिखलात रांगेने लावली गेली, कारण वरच्या योग्य जमिनींवर मत्स्यतळी झाली होती आणि त्यांच्या मालकीचे वाद होते. खालचा चिखल मात्र कोणाचाच नव्हता. दीर्घकाळात जगण्याचं प्रमाण १० ते २० टक्के राहिलं. आपल्याकडेही लागवडीसाठी जागा शोधताना नजर याच कारणाने उघड्या चिखलाकडे वळते. तिथे कोणाचं घर नाही, सात-बाऱ्याची भानगड नाही आणि फोटो छान येतो.

आता तो "रिकामा" चिखल जवळून पाहा. ओहोटीला फावड्याने वीतभर खोल एक ढेकूळ काढा आणि उभं कापा. वरचा थर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, तपकिरी, उन्हात सोनेरी झाक मारणारा. ती झाक डायटमची आहे. या सूक्ष्म शैवालाला ऊन लागतं, आणि चिखलावरच्या जगाचं चराऊ कुरण म्हणजे हाच थर. निवटी डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलाच्या पृष्ठभागावरून जाते ना, ती हाच थर खरवडून खात असते. गोगलगायी तेच खातात. फिडलर खेकडा, तो एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेला, चिखल तोंडात घालून त्यातलं खाणं वेगळं करतो आणि उरलेल्याच्या बारीक गोळ्या बिळाभोवती टाकतो. तपकिरी थराखाली ढेकूळ राखाडी होत जातं, मग काळं, आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तिथे प्राणवायू नाही. पण त्या काळ्या भागात मधूनच तपकिरी कडा असलेल्या नळ्या दिसतील. ही खेकड्यांची आणि कृमींची बिळं. भरतीचं पाणी त्यांतून आत जातं, सोबत प्राणवायू नेतं आणि बिळाच्या भिंती गंजल्यासारख्या तांबूस होतात. एका ढेकळात अशा किती नळ्या आहेत, यावरून मी त्या चिखलाची तब्येत ओळखतो. नळ्या नाहीत आणि काळेपणा थेट वरपर्यंत आला असेल, तर वर नाल्याचं पाणी सुटतंय का ते आधी शोधा.

अशा जागी झाडं लावली आणि समजा ती जगली, तर काय होतं? श्वसनमुळं (हवा घ्यायला चिखलातून वर डोकावणारी मुळं) वर आली की पाण्याचा वेग मंदावतो आणि बारीक गाळ तिथेच बसू लागतो. जमीन उचलली जाते, सावली पडते, डायटमचा थर पातळ होतो. शिवल्यांना मोकळ्या पाण्याचा प्रवाह लागतो; चिकट गाळ चढला की त्या जातात. निवटी कडेकडेला सरकते. त्यांच्या जागी पानं खाणारे खेकडे येतात, खोडांवर चढणाऱ्या गोगलगायी येतात. हेही जीवच आहेत आणि वनाच्या आत त्यांचं काम मोलाचं आहे: गळलेली पानं ते बिळात ओढून नेतात, त्यामुळे पानांतला कार्बन भरतीबरोबर वाहून न जाता तिथेच मुरतो. म्हणून उघड्या चिखलावरची लागवड म्हणजे जैवविविधतेत भर नव्हे, एका वस्तीच्या जागी दुसरी वस्ती. आणि त्या पहिल्या वस्तीवर कोळीवाड्यातल्या काही घरांची रोजची कमाई चालते.

पक्ष्यांचाही हिशेब यातच येतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतारी, चिखले, पाणटिवळे ओहोटीच्या काही तासांत या चिखलातून कृमी आणि बारीक शिंपले उपसून पोट भरतात. यातल्या बहुतेकांना चारी बाजूंना नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते; उंच झाडीजवळ ते उतरत नाहीत, कारण शिकारी पक्षी आडोशाने येतो. म्हणजे पट्ट्याच्या मधोमध लावलेली झाडांची एक पट्टीसुद्धा दोन्हीकडचा चिखल पक्ष्यांसाठी बाद करते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामागे तिवरांइतकाच तिथला चिखल आहे. धाकटा फ्लेमिंगो प्रामुख्याने पाण्यातलं आणि चिखलावरचं शैवाल खातो, थोरला चिखल चाळून त्यातले बारीक जीव टिपतो. झाडावर दोघांचंही काही नाही.

कायदाही याच बाजूचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत कांदळवन जसं पहिल्या वर्गात, सर्वात कडक संरक्षणाखाली येतं, तसे जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टेही त्याच वर्गात येतात. हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरची राखीव पट्टी आहे ती वेगळीच. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर आणि त्यात भराव टाकण्यावर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली. त्यानंतर सार्वजनिक कामासाठीही तोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. सरकारी जमिनीवरचं कांदळवन बऱ्याच ठिकाणी राखीव वन म्हणून घोषित आहे आणि २०१२ पासून राज्याचा कांदळवन कक्ष त्याची देखरेख करतो. म्हणजे तुमच्या मंडळाला तिथे हात लावण्याआधी, अगदी कचरा काढायलासुद्धा, कक्षाला लेखी कळवून परवानगी घ्यावी लागेल. मोठ्या हौसेने पाचशे मुलं चिखलात उतरवाल आणि तिवरांची कोवळी रोपं पायाखाली जातील, ते वेगळंच.

यातून एक उलटा प्रश्न येतो. काही ठिकाणी गाळ साचून चिखल आपोआप उंचावतो आणि तिवरं स्वतःहून पुढे सरकतात. शिवडीपासून ठाणे खाडीपर्यंत हे दिसतं. मग ती काढावीत का? नाही. कायद्याने काढता येत नाहीत, आणि गाळ जिथून येतो ते मूळ तसंच ठेवून झाडं उपटल्याने चिखल परत खाली जात नाही.

तर मग निधी कशावर खर्च करायचा? पाण्यावर. मुंबईत कांदळवन मरतं ते कुऱ्हाडीने कमी आणि पाणी अडल्याने जास्त. फ्लोरिडात रॉबिन लुईस या पाणथळ-तज्ज्ञाने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: लावण्याआधी विचारा की इथे झाडं आपणहून का येत नाहीत. उत्तर बहुतेक वेळा पाण्यात सापडतं. आपल्याकडे बियाण्याची ददात नाहीच. पावसाळ्यात तिवरांची फळं पिकून गळतात आणि उधाणाच्या भरतीवर हजारोंनी तरंगत फिरतात. पाणी योग्य उंचीच्या जागी पोहोचलं, तर रुजायचं काम ती स्वतः करतात, आणि जिथे रुजतात तिथली उंची बरोबरच असते.

खाडीच्या काठाने चालत जा आणि रस्ता, जुना बांध, मिठागराची कड, पाइपलाइन यांच्या मागे कुठे तिवरं वाळताहेत ते पाहा. मागे डबकं साचून राहिलं असेल तर श्वसनमुळं आठवडेच्या आठवडे पाण्याखाली जातात आणि झाड गुदमरून मरतं. याउलट पाणी पोहोचतच नसेल तर जमीन भेगाळते, वर मिठाचा पांढरा थर येतो आणि खेकड्यांची बिळं ओस पडतात. दोन्हींचं कारण बहुधा एकच सापडतं: भरावाखालची मोरी. ती अरुंद असते, राडारोड्याने बुजलेली असते किंवा, हे मी सर्वात जास्त पाहिलंय, तिचा तळ आतल्या जमिनीपेक्षा उंचावर असतो. उधाणाला पाणी वरून आत येतं आणि ओहोटीला बाहेर पडूच शकत नाही. कंत्राटदाराने पाइप टाकला, बिल काढलं, पातळी कोणी पाहिली नाही. नेरूळच्या एका तलावात २०२४ मध्ये भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि फ्लेमिंगोंची हक्काची जागा कोरडी पडली. ती बातमी तुम्ही वाचली असेल.

मोरी दुरुस्त करणं हे कॉलेजच्या मंडळाचं काम नाही, ते कक्षाचं आणि ज्या खात्याचा रस्ता असेल त्याचं. मंडळाने करायचं ते पुराव्याचं काम. मोरीच्या दोन्ही बाजूंना मोजपट्टी रंगवलेले खांब रोवून उधाणाच्या आणि भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असतो त्या) दिवशी दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी टिपून ठेवा. बाहेर पाणी दोन मीटर उतरलं आणि आत वीतभरच, असा तक्ता हातात असला की साहेबाला "पर्यावरण वाचवा" सांगावं लागत नाही. तो कागद फाइलला लागतो आणि पुढे सरकतो.

दुसरा खर्च कचऱ्यावर. प्लास्टिकच्या पिशव्या श्वसनमुळांवर गुंडाळल्या की खालच्या चिखलाचा श्वास कोंडतो. पिशवी उचला, खाली काळं आणि निर्जीव सापडेल. कचरा हाताने काढायचा, जेसीबी आत न्यायचा नाही, कारण यंत्राच्या चाकोरीत पाणी साचतं आणि ती जागा पुढे बराच काळ सुधारत नाही. आत-बाहेर करायला एकच वाट ठरवा, तीवर फळ्या टाका. खोल रुतलेलं प्लास्टिक उपटू नका, वरचं उचला. आणि नाल्याच्या तोंडाशी तरंगता अडसर नसेल तर तुम्ही काढलेला कचरा पुढच्या उधाणाला परत आलेला असतो. सांडपाण्याचा प्रश्न तुमच्या हातात नाही. शहरात वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथे मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेचे सात मलप्रक्रिया प्रकल्प उभे राहताहेत. ते चालू झाल्यावर खाड्यांतला चिखल कसा बदलतो हे मोजायला आजची नोंद लागेल. ती आज कोणीतरी ठेवली पाहिजे, आणि तुम्ही ती ठेवू शकता.

मोजणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ इथेच होतात. तिवरांच्या कडेपासून पाण्याच्या दिशेने तीन सरळ रेषा आखा. प्रत्येक रेषेवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागा. प्रत्येक जागी एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून बिळं, गोगलगायी, निवट्या मोजा. चौकट टाकल्यावर दहा मिनिटं लांब बसून हलू नका. तुमच्या सावलीने आत गेलेले तोवर वर येतात. शेजारीच दहा सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप पंधरा-वीस सेंटिमीटर खोल दाबून चिखलाचा नमुना काढा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर खाडीच्याच पाण्याने अलगद धुवा. चाळणीत जे उरतं ते मोठे तळजीव: कृमी, शिंपले, बारीक खेकडे. ओळखायला प्राणिशास्त्र विभागाची मदत घ्या. प्रजातीपर्यंत पोहोचला नाहीत तरी गटवार आकडे पुरतात. सगळ्या नमुन्यात एकाच जातीच्या बारीक कृमींची गर्दी असेल आणि बाकी कोणी नसेल, तर खूश होऊ नका. कॅपिटेलासारख्या कृमी सेंद्रिय घाणीतच फोफावतात. एकूण संख्या मोठी आणि प्रकार मोजके, हे प्रदूषणाचं लक्षण आहे.

बिळांची संख्या म्हणजे खेकड्यांची संख्या नाही. ओस बिळं असतात, एकाच बिळाला दोन तोंडं असतात. तोंडाशी ताज्या गोळ्या किंवा ओला चिखल असेल तेच बीळ वापरातलं धरा. आणि ऋतूचा सापळा सांभाळा. पावसाळ्यात खाडीचं खारेपण एकदम उतरतं, तळजीव कमी होतात आणि पावसानंतर पुन्हा भरून येतात. ऑगस्टमध्ये मोजलं, मग सफाई केली, जानेवारीत परत मोजलं आणि "आमच्या कामाने जीव वाढले" असं जाहीर केलं, असे अहवाल मी अनेक वाचलेत. जानेवारीची तुलना पुढच्या जानेवारीशीच करायची, आणि जिथे काहीच केलेलं नाही असा शेजारचा एक पट्टाही तितक्याच वेळा मोजायचा. चिखलात उतरायचं ते तळओहोटीच्या दोन तास आधी, आणि पाणी फिरलं की लगेच बाहेर. एकट्याने कधीच नाही. कंबरेपर्यंत रुतलेला माणूस आणि चढतं पाणी हा थरार नको.

या कामात कोळणींना "माहिती देणाऱ्या" म्हणून न घेता मोजणीच्या रोजावर घ्या. कुठल्या भागात शिवल्या कुठल्या महिन्यात भरतात, कुठला ओहळ गेल्या काही वर्षांत बुजला, हे त्यांना तोंडपाठ असतं. ताई-मावशींना विचारताना नकाशा पुढे ठेवू नका, बरोबर चालत जा. खुणा जागेवर सांगितल्या जातात. पकडण्याबद्दलचे नियमही बाहेरून लादायचे नाहीत, त्यांच्याशीच ठरवायचे. दोन गोष्टी मात्र मी आग्रहाने मांडतो. गाभोळीची चिंबोरी (अंड्यांवर आलेली खेकड्याची मादी) सोडून द्यावी, कारण ती अंडी घालायला खाडीबाहेर समुद्राकडे जाते आणि वाटेत पकडली की पुढची पिढीच गेली. दुसरं, नाल्याच्या तोंडाजवळच्या शिवल्या आणि कालवं विकू नयेत. ती पाणी गाळून खातात, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू आणि जड धातू त्यांच्या अंगात साठतात. उकळल्याने जंतू मरतील, धातू जात नाहीत.

राहता राहिली कंपनी. त्यांना पाच हजारांचा आकडा हवाय, कारण अहवालात तोच भरायचा असतो. त्यांना दुसरे आकडे द्या: मोरीच्या आत-बाहेरच्या पातळीतला फरक किती कमी झाला, बांधामागच्या ठरावीक चौकटींत आपोआप रुजलेली रोपं किती, वापरातली बिळं प्रति चौरस मीटर किती, किती किलो प्लास्टिक काढलं आणि त्यातलं किती परत आलं. लागवड हवीच असेल तर ती फक्त बांबूच्या रेघेच्या वर, पूर्वी वन होतं आणि आता पाणी सुरळीत येतंय अशाच जागी, कक्षाने सांगितलेल्या जातीची, आणि पाणी मोकळं झाल्यानंतर एक पावसाळा नैसर्गिक रुजवण पाहून. पहिल्या वर्षाचा बराचसा खर्च मोजणीवर आणि मोरीच्या परवानग्यांच्या पाठपुराव्यावर जाईल, हे त्यांना करार होण्याआधीच सांगा. त्याला तयार नसतील तर तेवढे पैसे नाल्याच्या तोंडाशी अडसर बसवायला मागा. लागवडीसाठी घेऊ नका.